उत्क्रांतीला शेवटची पायरी नाही

उत्क्रांतीवर कुठेही बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो. "माकडापासून माणूस झाला म्हणता, मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?" शाळेतली मुलं विचारतात, निवृत्त मंडळीही विचारतात. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हसण्यावारी नेलं जातं, आणि ते मला मुळीच पटत नाही, कारण प्रश्न फार चांगला आहे. जीवसृष्टी म्हणजे एक शिडी, खाली जिवाणू, मग मासे, बेडूक, सरडे, माकडं आणि सगळ्यात वर आपण, असं चित्र त्यामागे आहे. उत्क्रांती मान्य असलेल्या पुष्कळ लोकांच्याही डोक्यात हेच चित्र असतं. ते खरं असेल तर माकडांनी एव्हाना एखादी तरी पायरी चढायला हवी होती. ती चढलेली नाहीत. म्हणजे एक तर उत्क्रांती खोटी, नाहीतर शिडी खोटी.

खोटी आहे ती शिडी.

ती आपल्या मनात इतकी घट्ट बसली त्याला कारण आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून मग नरजन्म मिळतो, हे आपण कीर्तना-प्रवचनांत लहानपणापासून ऐकत आलो. तिथे विषय जिवाच्या मुक्तीचा आहे, जीवशास्त्राचा नाही. पण तोच क्रम आपण नकळत प्राण्यांवर चढवतो. युरोपातही वेगळं काही नव्हतं. मातीदगडापासून देवदूतांपर्यंत जाणारी एक साखळी तिथे शतकानुशतकं मानली गेली. सजीव बदलतात असं लामार्कने १८०९ मध्ये मांडलं, तेव्हा साध्याकडून गुंतागुंतीकडे जाण्याची एक आतली ओढ सजीवांमध्ये असते, असं त्यानेही धरूनच चाललं. डार्विनने १८५९ मध्ये जे केलं त्यातला सगळ्यात धाडसी भाग मला हा वाटतो, की त्याने ही ओढ काढूनच टाकली. तिच्यावाचून सगळं समजावता येतं, हे त्याने दाखवलं.

आता माकडांकडे येऊ. आपल्या गावांत देवळांवर, कौलांवर दिसणारं काळ्या तोंडाचं वानर घ्या. त्याचे आणि आपले पूर्वज वेगळे होऊन अडीच-तीन कोटी वर्षं झाली. त्या काळात आपली शाखा बदलत गेली, तशी त्याचीही बदलत गेली. त्याचं पोट पाहिलं तर थक्क व्हायला होतं. आपल्याला पचणार नाही असा राठ झाडपाला ते खातं, कारण त्याच्या जठराला कप्पे आहेत आणि तिथे जिवाणू तो पाला आंबवतात. जिवाणू फोडणारं लायसोझाइम नावाचं विकर आपल्या अश्रूंत आणि लाळेत असतं. वानरात त्याचा एक प्रकार जठराच्या आम्लातही काम करतो, म्हणजे पाला आंबवून झाल्यावर ते जिवाणूही पचवले जातात. गायीच्या लायसोझाइममध्ये असेच बदल झालेले आहेत, काही तर अगदी त्याच जागी. गाय आणि वानर यांचं जवळचं नातं नाही, पण पाल्यावर जगायचं तर दोघांपुढे अडचण एकच होती. वानर हा अर्धवट राहिलेला माणूस नाही. पाला खाण्याच्या कामात ते आपल्यापेक्षा कितीतरी तयार आहे, आणि माणूस होण्याच्या वाटेवर ते कधी नव्हतंच. चिंपांझीसुद्धा नव्हता. त्याची आणि आपली वाट साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी फुटली.

मग बदल घडतो कसा? एकाच जातीच्या जिवांत थोडेथोडे फरक असतात. त्यातले काही फरक आईबापांकडून पोरांकडे जातात. आणि त्या फरकांपायी काहींची पिल्लं जास्त जगतात, काहींची कमी. एवढ्या तीन गोष्टी असल्या की पुढच्या पिढीत काही गुणांचं प्रमाण वाढणार आणि काहींचं घटणार, हे टळत नाही. पुढे काय लागेल याचा विचार या हिशेबात कुठेही येत नाही. आजच्या परिस्थितीत कोण तगलं, एवढंच मोजलं जातं.

हे समजायला विदर्भातल्या कापसाच्या शेतासारखी जागा नाही.

बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलेलं असतं. त्यामुळे झाडाच्या पेशींतच क्राय१एसी नावाचं प्रथिन तयार होतं. अळीने पीक कुरतडलं की हे प्रथिन तिच्या आतड्यात जातं, अस्तरावरच्या ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटतं, पेशींना छिद्रं पडतात आणि अळी मरते. सुरुवातीची काही वर्षं बोंडअळी जवळपास दिसेनाशी झाली आणि फवारण्या कमी झाल्या. मग २०१० च्या सुमारास गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी क्राय१एसीला दाद देत नाही हे उघड झालं. तोवर दोन विषारी प्रथिनं असलेलं वाण बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. तेही फार टिकलं नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात हाहाकार उडाला. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून टाकते आणि फूल उमलतच नाही. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली की आत जायचं भोक बुजून जातं, बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं, आणि फोडून पाहिलं की आत सरकी खाल्लेली, रुई डागाळलेली, मधे गुलाबी अळी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामुळे हा माझ्या लेखी पुस्तकी विषय राहत नाही.

"अळीला औषधाची सवय झाली," असं आपण सहज म्हणतो. पण कुठलीच अळी आपल्या आयुष्यात बीटीला सरावली नाही. ज्यांना विष बाधलं त्या मेल्या, बस्स. लाखो अळ्यांत मोजक्या अशा होत्या, की ज्यांच्या आतड्यातलं कॅडहेरिन नावाचं प्रथिन जनुकातल्या बिघाडामुळे नीट बनतच नव्हतं. क्राय१एसी चिकटतं ते याच प्रथिनाला. चिकटायला जागाच नाही, तर विष काय करणार? दुसऱ्या विषाच्या बाबतीतही असंच झालं. तिथे पेशीच्या आवरणातलं एक वाहक प्रथिन बिघडलेलं सापडलं. विज्ञानाने केलेल्या तटबंदीवर अळीने मात केली ती काहीतरी नवं, भारी अवजार कमावून नव्हे. असलेलं मोडून केली. याला प्रगती म्हणायचं का? शिडीवर ही अळी एक पायरी वर गेली की खाली आली? माझ्या मते या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि शिडीचं चित्र सोडून देण्याचं तेच पुरेसं कारण आहे. "बीटी कापसात कोणती अळी तगते?" या प्रश्नाला मात्र स्पष्ट उत्तर आहे.

विष काढून घेतलं तर काय होतं, हेही प्रयोगांत पाहिलेलं आहे. साध्या कापसावर या प्रतिकारक्षम अळ्या इतर अळ्यांच्या मागे पडतात, कमी जगतात. म्हणजे बिघाडाची किंमत त्यांना मोजावी लागते, फक्त विषारी शेतात ती परवडते. बीटीच्या बियाण्यासोबत बिगर-बीटी बियाण्याचं छोटं पाकीट मिळायचं, ते यासाठीच. कडेच्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर व्हावा, आणि त्यातून निघणारी पिल्लं बीटीवर मरावीत. बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच अळी वाचते, म्हणून हा उपाय चालतो. अमेरिकेत अॅरिझोनातल्या शेतकऱ्यांनी असा पट्टा राखला, पुढे वंध्य पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला अळीसाठी पीक राखून ठेवा म्हणणं सोपं नव्हतं, आणि ते का ठेवायचं हे त्याला कुणी नीट समजावूनही सांगितलं नाही. त्यात आपली वाणं जास्त दिवसांची. पाणी असलं की वेचण्या संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घ्यायची पद्धत. अळीला वर्षाचे कितीतरी महिने बोंडं मिळत राहिली, तीही सगळी बीटीचीच.

याच शेतातली अमेरिकन बोंडअळी, म्हणजे हिरवी, मात्र अशी बेफाम झाली नाही. ती कापसासोबत तूर, हरभरा, टोमॅटो असं पुष्कळ काही खाते, त्यामुळे तिच्या बऱ्याचशा पिढ्या बीटीच्या वाऱ्यालाही जात नाहीत. गुलाबी अळीचं पोट जवळजवळ कापसावरच. शेत एक, विष एक, पण दोन अळ्यांचं जगणं वेगळं, म्हणून निकाल वेगळा.

दिशा उलटी फिरते हेही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गॅलापागोस बेटांपैकी डॅफनी मेजर नावाच्या एका ओसाड बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. पक्षी पकडायचा, चोच मोजायची, पायात कडं घालायचं, सोडायचा. वर्षानुवर्षं हेच. १९७७ मध्ये पाऊस जवळपास पडलाच नाही. बारीक, मऊ बिया संपल्या. उरल्या त्या मोठ्या आणि टणक, त्यातही आपल्याकडच्या सराट्याच्या भाऊबंदाची काटेरी फळं. मध्यम आकाराच्या भूफिंचांपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. जाड चोचीचे जास्त वाचले, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरी अर्ध्या मिलिमीटरने जाड भरली. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण सराटा फुटतो की नाही हे तेवढ्यावर ठरत होतं.

शिडी मानणारा इथे म्हणेल की चोच सुधारत चालली. पण १९८२-८३ मध्ये एल निनोमुळे बेटावर धो धो पाऊस झाला, वेली माजल्या, बारीक बियांचा सडा पडला, आणि त्यानंतरच्या वर्षांत लहान चोचीच्या पक्ष्यांची सरशी झाली. याच सुमारास मोठ्या भूफिंचांचे पाच पक्षी बेटावर येऊन स्थिरावले आणि त्यांची संख्या वाढत गेली. मग २००३ पासून पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी मोठ्या बिया त्या मोठ्या पक्ष्यांनीच फस्त केल्या. त्यांच्याशी टक्कर घेणारे जाड चोचीचे मध्यम फिंच उपाशी मेले, लहान चोचीचे वाचले. दुष्काळ पहिल्यासारखाच, पक्षी तेच, बेट तेच, आणि परिणाम अगदी उलटा, कारण शेजारी बदलला होता. परिस्थिती म्हणजे हवापाणी एवढंच नाही, हे मला या एका बेटावरून जितकं कळलं तितकं कशावरूनच कळलं नाही. कोण काय खातं, कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या अंगात रोग होऊन राहतं, हे सगळं परिस्थितीतच मोडतं.

मोठ्या काळाकडे पाहिलं तरी तेच दिसतं. सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी माशांच्या एका शाखेला पाय फुटले, ती पाण्याबाहेर आली, आणि पाठ्यपुस्तकांत ते मोठं पाऊल म्हणून सांगितलं जातं. मग देवमाशाचं काय? त्याचे पूर्वज चार पायांचे, जमिनीवरचे. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातल्या खडकांत इंडोहायस नावाच्या, लहान हरणासारख्या प्राण्याचे अवशेष मिळाले. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी ते खडक जमा करून ठेवले होते. पुढे त्यातून निघालेल्या हाडांचा अभ्यास हान्स थेविसेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. या प्राण्याच्या कानाजवळचं हाड देवमाशांसारखंच जाड होतं, आणि पायांची हाडं पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखी जड. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी याच्या भाऊबंदांपैकी काही उपखंडाच्या किनाऱ्यांवरून हळूहळू पाण्यात परतले, त्यांचे मागचे पाय गेले, आणि कमरेच्या हाडांचे अवशेष तेवढे आत उरले. कोकण किनाऱ्यावर कधी देवमासा वाहून येतो तेव्हा त्याच्या शरीरात ती हाडं असतात. जमिनीवर येणं प्रगती असेल तर हा प्राणी अधोगतीला गेला म्हणायचा, आणि आजवर होऊन गेलेला सगळ्यात मोठा प्राणी, निळा देवमासा, त्याच अधोगतीतून निघाला! सह्याद्रीच्या ओल्या मातीत राहणारं देवगांडूळही असंच. ते गांडूळ नाही, बेडकाच्या गोतातला उभयचर आहे. त्याच्या पूर्वजांना पाय होते. मातीत घुसून जगताना पाय अडचणच करतात.

एवढं सांगितल्यावर जाणकार वाचक एक खरा आक्षेप घेतो, आणि तो टाळणं बरोबर नाही. सुरुवातीला सगळे एकपेशीय होते. आज हत्ती आहे, वड आहे, माणसाचा मेंदू आहे. गुंतागुंत वाढली नाही असं कसं म्हणता?

वाढली. पण कशी वाढली ते पाहा. एका भिंतीला लागून मोठी गर्दी उभी आहे आणि जो तो आपल्या मर्जीने इकडेतिकडे पावलं टाकतो आहे असं समजा. भिंतीच्या पलीकडे कुणालाच जाता येत नाही. थोड्या वेळाने काही माणसं भिंतीपासून बरीच लांब गेलेली दिसतील, आणि कुणालाच लांब जायचं नसलं तरी असंच होईल, कारण पसरायला मोकळी बाजू एकच होती. सजीव जितका साधा असू शकतो, ती ही भिंत. जीवनाची सुरुवात तिच्या पायथ्याशी झाली, म्हणून पसरताना काही शाखा गुंतागुंतीच्या बाजूला गेल्या. हा युक्तिवाद अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी ताकदीने मांडला. गर्दीचा मोठा भाग आजही भिंतीशीच आहे. पृथ्वीवरच्या सजीवांमधल्या कार्बनचा अंदाज काढला, तर सगळ्या जिवाणूंचा मिळून तो सगळ्या प्राण्यांच्या सुमारे ३५ पट भरतो. आणि भिंतीकडे परत येणारेही पुष्कळ. पट्टकृमीला तोंड नाही आणि आतडंही नाही. दुसऱ्याच्या आतड्यात राहून पचलेलं अन्न कातडीतून शोषता येत असेल तर स्वतःचं आतडं हवं कशाला?

गूल्ड यांच्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे. ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ सायमन कॉन्वे मॉरिस यांचं म्हणणं असं, की त्याच त्या उत्तरांपाशी उत्क्रांती पुन्हा पुन्हा येऊन पोचते. डोळे स्वतंत्रपणे अनेकदा घडले. शार्क हा मासा, इक्थिओसॉर हा नामशेष झालेला सरीसृप, डॉल्फिन हा सस्तन, आणि तिघांचा आकार एकसारखा. हे खरं आहे, आणि सगळं निव्वळ योगायोग म्हणणाऱ्यांनी ते विसरू नये. पण पाण्यातून वेगाने जायचं तर पाण्याचे नियम सगळ्यांना सारखेच, त्यामुळे उत्तरंही सारखी निघतात. त्यातून जुळवून घेण्याचं सामर्थ्य सिद्ध होतं. मुक्काम ठरलेला होता, असं नाही. ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळापुरती सुधारणा नक्की होते, आणि पिढ्यान् पिढ्या साठत जाते. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या बारा वसाहती एकाच प्रकारच्या साध्या द्रावणात वाढवायला घेतल्या. हजारो पिढ्यांनंतर त्या सगळ्या त्या द्रावणात मूळ जिवाणूंपेक्षा वेगाने वाढू लागल्या. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एकाच वसाहतीला प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेट नावाचं रसायन खाण्याची कला साधली, इतर अकरा जणींना त्या वेळी नाही. याला मी खुशाल प्रगती म्हणेन, त्या द्रावणापुरती. द्रावण बदललं की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

आणि द्रावण कधीकधी एका फटक्यात बदलतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतल्या चिक्शुलुब इथे लघुग्रह आदळला. इकडे ज्वालामुखींचा लाव्हा थरावर थर पसरत होता, ज्याचा काळा पाषाण आज सह्याद्रीच्या कड्यांत आपण पाहतो. डायनासोर गेले, त्यांच्यातली पक्ष्यांची शाखा तेवढी उरली. सस्तन प्राणी तोपर्यंत दहा कोटी वर्षांहून जास्त काळ लहानखुरे राहूनच जगत होते. डायनासोरांपेक्षा ते वरचढ ठरले म्हणून त्यांना जग मिळालं असं नाही. जागा रिकामी झाली.

शिडीचं चित्र नुसतं चुकीचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. ते माणसांवर लावलं गेलं, याचा मला राग आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हे नाव दिलं, "चांगल्या" वंशाची पैदास वाढवायची आणि बाकीच्यांची रोखायची हा विचार रुजवला. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, आणि नाझी जर्मनीने १९३३ मध्ये. वरच्या-खालच्या पायऱ्या मानल्याशिवाय यातलं काहीच करता आलं नसतं. आजही आपल्याकडे शिकलेली माणसं आदिवासींबद्दल "उत्क्रांतीत मागे राहिलेले" असं बोलतात. जीवशास्त्राच्या दृष्टीने या वाक्याला काही अर्थ नाही. आज जिवंत असलेल्या प्रत्येक माणसामागे तितक्याच काळाची उत्क्रांती आहे.

सिकलसेलच्या बाबतीत तर हे बोलणं फार अन्यायाचं होतं. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत अनेक आदिवासी आणि इतर समाजांत हा आजार आढळतो, आणि त्याकडे त्या समाजाचा दोष म्हणून पाहिलं जातं. होतं काय, तर डीएनएतलं एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला सहावा घटक बदलतो. हे जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक असतो, सहसा निरोगी राहतो, आणि फाल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून त्याचा बराच बचाव होतो. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. मलेरियाने भरलेल्या जंगलपट्ट्यांत कित्येक पिढ्या जगलेल्या लोकांमध्ये हे जनुक टिकलं, कारण तिथे वाहक मुलं जास्त जगली. मलेरिया नसलेल्या शहरात त्याच जनुकाचा काही उपयोग नाही. जनुक चांगलं की वाईट, हे ते कुठे आहे हे सांगितल्याशिवाय ठरवताच येत नाही.

मलेरिया जसा कमी होईल तसा वाहकांचा तो फायदा संपत जाईल, पण जनुक लगेच जाणार नाही, त्याला पुष्कळ पिढ्या लागतील. तोपर्यंत दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताच्या साध्या तपासणीत वाहक ओळखता येतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली असून तिच्यातही अशा तपासणीवर आणि लग्नाआधीच्या समुपदेशनावर भर आहे.